आठच्या आकड्यातली वायर

ही गोष्ट सांगायचं मी सतरा-अठरा वर्षं टाळलं. टाळायला काही कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. वर्कशॉपमधली जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटली की कधीतरी विषय निघायचा. "मास्तरसारखा हात पुन्हा पाहिला नाही," एकजण म्हणायचा, आणि दुसरा लगेच म्हणायचा, "पण त्या काटोलच्या गाडीत चुकले बिचारे." नेमक्या त्याच वेळी मला जेवणाच्या रांगेत जागा धरायची आठवण व्हायची. चुकले ते नव्हते. एवढं एक वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली, आणि ज्यांच्यासमोर बोलायचं ते आता नाहीत.

मी नागपुरात कामठी रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपचा मॅनेजर होतो. पुढच्या काचेच्या दालनात नव्या गाड्या विकल्या जात, आणि बिघडल्या की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याकडे येत. मास्तर आमचे इलेक्ट्रिशियन. आठवीपर्यंत शिकलेले, कामठीचे, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. त्यांना मास्तर कुणी आणि का म्हणायला लागलं ते मला माहीत नाही. मी रुजू झालो तेव्हा ते मास्तरच होते. माझ्याकडे इंजिनियरिंगचा डिप्लोमा होता आणि तो चौकटीत बसवून केबिनमध्ये लावलेला होता. मास्तर केबिनमध्ये आले की एकदा त्या चौकटीकडे पाहायचे आणि मग माझ्याकडे. त्या पाहण्यात टोमणा होता की आदर, हे मी कधी ठरवू शकलो नाही.

उंच आणि वाळकुडा माणूस. शर्टाच्या खिशात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. बारीक वायर पाहायची असली की दोन्ही एकावर एक चढवायचे. नव्या गिऱ्हाइकाला ते पाहून धडकी भरायची. एका बाईंनी तर मला केबिनमध्ये येऊन विचारलं होतं, "या काकांना दिसतं ना नीट?" मास्तरांनी ते ऐकलं आणि तिथूनच उत्तर दिलं, "ताई, दिसते म्हणून तं दोन लावतो. एकानं अर्धंच दिसते."

त्या काळात इंजिनवर कॉम्प्युटर बसवलेल्या गाड्या नुकत्याच वाढू लागल्या होत्या. कंपनीने आमच्याकडे पहिला स्कॅनर पाठवला. गाडीच्या डॅशबोर्डखाली सोळा भोकांचं एक सॉकेट असतं, त्यात केबल खुपसली की स्कॅनर इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि काय बिघडलं ते पडद्यावर दाखवतो. आमच्या मेकॅनिकांना वाटलं, चला, आता डोकं घरी ठेवून यायला हरकत नाही. मास्तर मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "हा पोस्टमन आहे गा. पत्र आणून देते. पत्रात खरं लिहिलं का खोटं, त्याले काय माहीत?"

खरी पंचाईत व्हायची ती पोस्टमनला कुणी दारच उघडलं नाही की. केबल लावली, चावी फिरवली, आणि पडद्यावर आलं की गाडीशी संपर्क होत नाही. मग आमच्याकडे दोन पक्ष पडायचे. एक म्हणायचा स्कॅनर बिघडला, दुसरा म्हणायचा कॉम्प्युटर गेला. मी दुसऱ्या पक्षाचा. मास्तर कोणत्याच पक्षात नसायचे.

"पहिले स्कॅनर बाजूच्या गाडीत लावा," ते म्हणायचे. "शेजारणीसंग बोलते का पाहा. तिच्यासंग बोलला, तं त्याची जीभ शाबूत आहे. मंग हिच्याच घरात काहीतरी आहे."

"आणि कॉम्प्युटर गेला असेल तर?"

"बोलत नाई म्हणजे मेला काय, साहेब? उपाशी असन. त्याले प्लस भेटून राहिलं का, अर्थिंग भेटून राहिलं का, ते पाहा पहिले. उपाशी माणूस बोलन काय?"

अर्थिंग म्हणजे परतीची वाट. बॅटरीतून निघालेल्या विजेला परतही जावं लागतं. ती वाट म्हणजे गाडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली काळी वायर. दहातल्या सात गाड्या त्या काळ्या वायरीपाशी सापडतात, असं मास्तरांचं म्हणणं होतं. मी तो आकडा कधी मोजला नाही, पण खोटाही पाडू शकलो नाही.

गाडीला हात लावायच्या आधी ते मालकाची चौकशी करायचे. ती चौकशी अशी असायची की मालक बुचकळ्यात पडायचा. एकदा एका डॉक्टरांच्या गाडीशी स्कॅनर दोन दिवस बोलला नव्हता. आमच्या दोघा मेकॅनिकांनी निम्मा डॅशबोर्ड उघडून ठेवला होता. मास्तर सुट्टीवरून आले, दोन्ही चष्मे घातले आणि डॉक्टरांना विचारलं, "साहेब, गाडीत मोबाइल चार्ज होते का?"

"नाही हो. महिना झाला."

"मॅडम मागं बसते का समोर?"

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मोबाइलचा चार्जर लावतात त्या सिगारेट पेटवायच्या भोकात मास्तरांनी चिमटा घातला आणि आतून केसांची पिन काढली. त्या पिनेने फ्यूज उडाला होता, आणि स्कॅनरच्या सॉकेटची वीज त्याच फ्यूजमधून येत होती. नवा फ्यूज घातला, स्कॅनर बोलायला लागला. मास्तरांनी पिन रुमालाने पुसून डॉक्टरांच्या हातात दिली. "घरी परत द्या," ते म्हणाले. "अन् बिलात पिन लिहू नोका, साहेब," हे मला.

इंजिनचा कॉम्प्युटर काढायचा असला तर त्यांचा एक विधी असे. चावी काढून स्वतःच्या खिशात. घड्याळ आणि तांब्याचं कडं काढून पेटीत. मग ते शेडबाहेरच्या कठड्यावर बसून खर्रा घोटायचे. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना तळहाताने रगडत राहायचे, निवांत. चावी काढली तरी कॉम्प्युटर काही मिनिटं जागाच असतो, हे पुस्तकात लिहिलेलं मी नंतर वाचलं. मास्तरांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. "खर्रा घोटून होईपर्यंत झोपते तो," असं त्यांचं माप होतं. त्यानंतर साबणाने हात धुऊन यायचे आणि मगच कनेक्टरला हात लावायचे. मी घाई केली की म्हणायचे, "झोपेतल्या माणसाचा दात उपटाव. जागेपणी उपटला तं बोंबलन."

त्यांचे वडील कामठीला मागावर होते. मास्तरही लहानपणी मागाखाली वाकून तुटलेले धागे जोडायचे. गाडीत वायरींचा जाडजूड जुडगा असतो, त्यातली एखादी आतल्या आत तुटलेली असली तर आम्ही मीटर घेऊन तासन्‌तास बसायचो. मास्तर डोळे मिटून जुडग्यावरून बोटं फिरवत जायचे, आणि मध्येच थांबून म्हणायचे, "इथं." कापून पाहिलं की तिथंच असायची. "तुटलेला धागा डोळ्यानं नाई भेटत, बोटानं भेटते," ते म्हणायचे. "तुटला का तो नरम पडते."

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये अवजारांची पूजा व्हायची. मास्तर त्या दिवशी घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जायचे, पांढरा शर्ट घालून. पण आदल्या दिवशी सगळ्यांची घरी जायची घाई चाललेली असताना ते एकटे बसून आपली अवजारं रॉकेलने धुवायचे, पुसायचे आणि पेटीत ओळीने लावायचे. एकदा मी विचारलं, "मास्तर, पूजा नाही करत, मग एवढं कशाला?"

"काम करते ना थे वर्षभर," ते म्हणाले. "आंघोळ तरी घालाव."

त्या पेटीत सगळ्यात वर असायची चिमणी. हा त्यांचा स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प होता. स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, रिकाम्या बॉलपेनची पारदर्शक नळी, पुढे पोतं शिवायचं दाभण आणि मागे लांब लाल वायर, तिच्या टोकाला दातेरी क्लिप. क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून दाभण एखाद्या वायरीला टेकवलं आणि चिमणी पेटली, तर तिथे वीज आहे. क्लिप प्लसला लावून दाभण काळ्या वायरीला टेकवलं, तर अर्थिंग कसं आहे ते कळतं. लख्ख पेटली तर वाट मोकळी, मिणमिणली तर वाटेत अडथळा. पण चिमणी फक्त जाड वायरींसाठी. कॉम्प्युटरला जाणाऱ्या बारीक वायरींवर ते मीटरच लावायचे. त्या पाच व्होल्टच्या, बारा व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. "लेकराच्या तोंडात पंपाचा पाइप देते का कोनी?" असं ते नव्या माणसाला बजावायचे.

काम झालं की लाल वायर ते अंगठा आणि करंगळीभोवती आठच्या आकड्यात गुंडाळायचे. आम्ही सगळे वायर गोल गुंडाळतो. गोल गुंडाळलेली वायर पुढच्या वेळी पिळा धरते, आठातली सरळ सुटते. मी दहादा पाहिलं आणि मला एकदाही जमलं नाही. शेडमध्ये दुसऱ्या कुणालाही जमत नव्हतं, आणि कुणी त्यांच्या पेटीला हातही लावत नव्हतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची गाडी चौथ्यांदा आमच्याकडे आली होती. चालता चालता बंद पडायची, तेव्हा स्कॅनर तिच्याशी बोलायचा नाही. तासाभराने आपोआप चालू व्हायची आणि स्कॅनरही बोलायचा. मी पहिल्याच फेरीत कॉम्प्युटर खराब असल्याचं सांगून टाकलं होतं आणि कंपनीकडे नवा मागवायचा कागदही भरला होता. मास्तरांना ते पटलेलं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, "भाऊ, दोन-तीन महिन्यांत गाडी ठोकली होती का कुठं?"

"नाही," व्यापारी म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

मास्तर माझ्याकडे वळले. "साहेब, कॉम्प्युटर बरा आहे. त्याले अर्थिंग पुरं नाई भेटून राहिलं. जेवण झाल्यावर पाहतो." आणि एकाच्या ठोक्याला ते डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे निघून गेले. ती त्यांची जागा. डबा खाऊन, धुऊन, दहा मिनिटं एका भंगार गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर पाठ टेकेपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा शेडचा अलिखित नियम होता.

व्यापारी माझ्या केबिनमध्ये बसला होता. "तुमचा माणूस जेवाले गेला," तो म्हणाला. "मी काटोलवरून उपाशी आलो. आज गाडी नाई झाली तं तुमच्या गेटात आडवी लावून जातो. लोक विचारतीन तं सांगा, इंजिनियर आहे म्हणून आतमंदी."

तो डिप्लोमाच्या चौकटीकडे पाहत होता. मला ते लागलं. मी उठलो, शेडमध्ये गेलो, मास्तरांची पेटी उघडली आणि चिमणी काढली. मास्तरांच्या आधी मीच काय ते सिद्ध करून दाखवणार होतो. तेव्हा सगळेच जेवायला गेलेले होते, आणि व्यापारी केबिनमध्ये शेडकडे पाठ करून बसला होता.

गाडी त्या वेळी चालू होत होती, स्कॅनर बोलत होता. मी क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली, मास्तरांना लावताना पाहिलं होतं तशी, आणि कॉम्प्युटरच्या कनेक्टरमागून दाभण काळ्या वायरीला टेकवलं. चिमणी मिणमिणली.

उत्तर तिथेच होतं. मास्तर म्हणत होते तेच, अर्थिंग अपुरं. आठवी शिकलेल्या माणसाने न पाहता सांगितलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण मला कॉम्प्युटर खराब हवा होता. बाकीच्या वायरी कशा आहेत ते पाहावं म्हणून मी दाभण शेजारच्या बारीक वायरींवर नेलं. क्लिप काढली नाही. ती प्लसवरच राहिली, म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट दाभणापर्यंत येत होते. दुसऱ्या की तिसऱ्या वायरीवर चिमणी क्षणभर पेटल्यासारखी झाली आणि विझली. जळक्या प्लॅस्टिकचा अगदी पुसट वास आला. मी स्कॅनरकडे पाहिलं. पडद्यावर संपर्क तुटला होता. चावी बंद करून पुन्हा चालू केली, तीनदा केली. तो पुन्हा आला नाही.

मी चिमणीची वायर गुंडाळली, पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. व्यापाऱ्यासाठी चहा सांगितला.

मास्तर आले. हात धुतले, चावी खिशात घातली आणि पेटी उघडली. मी काचेतून पाहत होतो. त्यांनी चिमणी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. वायर गोल गुंडाळलेली होती. मग त्यांनी ती पूर्ण सोडली, झटकली आणि सावकाश आठच्या आकड्यात पुन्हा गुंडाळली. केबिनकडे पाहिलं नाही.

पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी बॅटरी काढली, बॅटरीचा ट्रे काढला आणि खालचा अर्थिंगचा बोल्ट खोलला. बोल्टखाली ताजा रंग होता. गाडी कुणीतरी ठोकली होती, बाहेर रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्याने पत्र्यावर रंग मारून त्यावरच अर्थिंग आवळलं होतं. व्यापारी ओशाळला. "माह्या साल्यानं संत्र्याच्या टेम्पोवर घातली होती," तो पुटपुटला. "बायकोच्या कानावर जाईन म्हणून बोललो नाई." मास्तरांनी ब्लेडने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला. चावी फिरवली. गाडी चालू झाली नाही. स्कॅनरही बोलला नाही.

त्यांनी कॉम्प्युटर काढला, नाकाशी धरला आणि माझ्याजवळ आणून टेबलावर ठेवला. "सकाळी हा जिवंत होता, साहेब."

"मी पहिल्यापासून सांगत होतो, कॉम्प्युटर खराब आहे," मी म्हणालो.

"हाव," मास्तर म्हणाले. "आता आहे."

नवा कॉम्प्युटर आला, गाडी दुरुस्त होऊन गेली. गोष्ट तिथेच संपली असती. पण जुना कॉम्प्युटर वॉरंटीसाठी कंपनीकडे गेला आणि कंपनीने तो उघडून पाहिला. बाहेरून जास्त व्होल्टेज आत गेल्याने जळाला, असा निष्कर्ष निघाला आणि चौकशीला माणूस आला. तो शेडमधून फिरला, पेट्या पाहिल्या, आणि चिमणी हातात घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. मास्तरांना बोलावलं.

"हे कुणाचं?"

"माही आहे," मास्तर म्हणाले.

"हे त्या गाडीच्या कॉम्प्युटरला लावलं होतं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदाकडे पाहत होतो. ते किती वेळ पाहत होते हे मी सांगू शकणार नाही, कारण मी मान वर केलीच नाही.

"चिमणी माही आहे, साहेब," ते पुन्हा म्हणाले. लावली असंही म्हणाले नाहीत आणि नाही लावली असंही नाही. बाकीचं बोलायची जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली होती.

मी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ अशी आहे की इलेक्ट्रिशियनने सूचनांकडे दुर्लक्ष करून घरगुती बल्बने तपासणी केल्यामुळे कॉम्प्युटर निकामी झाला. अक्षर माझं, सही माझी. ती ओळ खोटी आहे. माझ्यावर संशय यावा असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही. डिप्लोमावाला मॅनेजर आणि आठवी पास वायरमन, एवढ्यावरच निकाल लागला होता. आणि आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरवायची आमच्या लोकांतली जी जुनी खोड आहे, तीही त्या खोलीत हजर होती. ती माझ्या उपयोगी पडते आहे हे मला तेव्हाच कळत होतं.

मास्तरांना कॉम्प्युटरच्या गाड्यांना हात लावायची मनाई झाली. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम दिलं. दोन दिवस त्यांनी ते मन लावून केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा पेटी गेलेली होती आणि माझ्या टेबलावर चिमणी ठेवलेली होती, आठच्या आकड्यात गुंडाळलेली.

आमचा धंदा छोटा. चार वर्कशॉपमध्ये बातमी पोचायला आठवडा लागला नाही. कॉम्प्युटरला बल्ब लावणारा माणूस कोण ठेवणार? मला पुढे बढती मिळाली, मग मी निवृत्त झालो. मास्तर कामठीला घराच्या पुढच्या खोलीत कुलरचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतात, एवढं कानावर आलं होतं.

निवृत्तीनंतरच्या एका एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेलो. पिशवीत चिमणी होती, आणि निमित्त असावं म्हणून कुलरचा बंद पडलेला पंपही. बोलायचं वाक्य मी गाडी चालवताना घोकत गेलो होतो. मास्तर दारातच बसले होते, समोर शेजाऱ्याची मोटारसायकल. केस पांढरे झाले होते, चष्मे दोनच होते.

"या, साहेब," ते म्हणाले, जणू मी आदल्या दिवशीच भेटलो होतो. आत हाक मारली, "चहा टाक वं, वर्कशॉपचे साहेब आले."

पंप त्यांनी उघडला, पंख्यात अडकलेली वाळ्याची काडी काढली आणि परत दिला. मग विचारलं, "थे काटोलची गाडी. नवीन कॉम्प्युटर टाकल्यावर पुन्हा बंद पडली का?"

"नाही. पुन्हा आलीच नाही."

"मंग बरं," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान दिसलं. "अर्थिंगच होतं तिचं."

त्यांची बायको चहा घेऊन आली. "यायले गाड्यांचं काढून देऊ नोका, साहेब," ती हसत म्हणाली. "मंग दिवसभर जेवणाची शुद्ध नाई राहत." ती आत गेली. मास्तरांनी मोटारसायकलच्या हॉर्नची वायर धरली. त्यांच्या हातात नवी चिमणी होती, जुनीसारखीच, वायर तेवढी निळी. क्लिप त्यांनी बॅटरीच्या प्लसला लावली आणि दाभण काळ्या वायरीला टेकवलं. चिमणी लख्ख पेटली.

"हे पाहा, साहेब," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, शिकवताना असायचा तसा. "अर्थिंग पाहाचं असन तं क्लिप प्लसले. इथवर सारे बरोबर करतेत. मंग दुसऱ्या वायरीवर जातेत अन् क्लिप तशीच राहते. करणाऱ्याचं मन वाईट नसते. लोक विसरतेत."

आणि ते थांबले. चिमणी त्यांच्या हातात पेटलेलीच होती. माझा बिघाड कुठल्या वायरीवर आहे ते त्यांना बरोबर माहीत होतं, त्या दुपारीच कळलेलं होतं. त्यांनी बोट तिथे आणून ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "विसरतात लोक."

मास्तरांनी क्लिप काढली. निळी वायर अंगठा आणि करंगळीभोवती घ्यायला लागले. मी पंप उचलला, चहा चांगला होता असं म्हणालो आणि निघालो. पिशवीतली चिमणी पिशवीतच राहिली.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं. मी कामठीला गेलो तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "तुमी आले, लय बरं वाटलं. मोठ्या वर्कशॉपमधून दुसरं कोनी आलं नाई." तिच्यासमोरही माझं तोंड उघडलं नाही. या वेळीही चिमणी बरोबर नेली होती. ती घेऊन परत आलो.

आता ती माझ्या टेबलावर आहे. हे लिहायच्या आधी मी तिची लाल वायर पहिल्यांदा सोडली. इतकी वर्षं गुंडाळलेली होती तरी सरळ सुटली, कुठे पिळा नाही. परत आठात गुंडाळायचा प्रयत्न केला. गोलच झाली. तो अहवाल कुठल्या कपाटात असेल तर त्यातली ती ओळ खोडावी, आणि तिच्या जागी मी दारात बसून म्हणायला हवं होतं ते लिहावं.

मास्तर, लोक नाही. मी विसरलो. क्लिप प्लसवरच राहिली होती, आणि तुम्ही माझ्याकडे पाहत होता तेव्हा मी मान खाली घातली. मला माफ करा.